वत्सलामावशीचं औषध

सकाळी पुरतं उजाडायच्या आत अंगाखाली एक थंड तळवा सरकायचा. कमरेपाशी थांबायचा, गादीवर दाबला जायचा, आणि वरून आवाज यायचा, "कोरडं हाय. झोप." कधी कधी आवाजच यायचा नाही. मग डोळे मिटून पडून राहण्यात अर्थ नसायचा. सगळ्या खोलीला कळलेलं असायचं.

तो तळवा वत्सलामावशीचा. वर्ध्याकडच्या सेलूच्या पुढे, मोठा रस्ता सोडून आत गेलं की मुलींचं एक वसतिगृह आहे. त्याचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की वाचणारे म्हणतात, तिथं असेल तसं, आमच्याकडे नाही. तुमच्याकडेही आहे. मी तिथं पाचवी ते दहावी राहिले. आता लहान मुलांच्या आरोग्यावरची पत्रकं घेऊन गावोगाव फिरते, आणि कुठे ना कुठे मला एक वत्सलामावशी भेटतेच. पण लिहायचं आहे ते पहिलीबद्दल.

उंच, हाडकुळी बाई. साडीवर बारा महिने पुरुषी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पण चालताना वाजू नये म्हणून ती तो मुठीत धरायची. त्यामुळे मावशी आली हे ती पाठीशी उभी राहिल्यावरच कळायचं. तिनं कुणाला मारलेलं मी पाहिलं नाही. ओरडायचीही नाही. तिची सगळ्यात मोठी शिक्षा म्हणजे ती त्या मुलीशी बोलणं बंद करायची. जेवण वाढताना ताटाकडे बघायची, तोंडाकडे बघायची नाही. त्यापेक्षा छडी परवडली असती.

रविवारी ती आमच्या उवा काढायची. पायरीवर बसून दोन गुडघ्यांत एकेकीचं डोकं दाबायचं आणि गोष्ट सांगायची. गोष्टीत एक मुलगी असायची. तिला कुणीतरी काहीतरी सांगायचं आणि ती ऐकायची नाही.

"अन् मंग, मावशी?"

"मंग काय? मेली ते पोट्टी." नखावर ऊ चिरडली जायची. "चाल उठ. पुढची कोन हाय?"

आम्ही पोट धरून हसायचो. मेली ते पोट्टी, मेली ते पोट्टी, असं म्हणत दिवसभर एकमेकींच्या अंगावर पडायचो.

ती मूळची कुठली, नवरा कुठं, मूलबाळ काऊन नाही, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. एकदाच, माझी वेणी घालताना, ती स्वतःहून म्हणाली, "मले सासरी गोठ्यात झोपवत व्हते. गादी खराब करते म्हनून." मी वळून बघणार तेवढ्यात तिनं माझं डोकं पुढे दाबलं. "सिधी बस."

झोपायच्या खोलीत दोन रांगा होत्या. एक खिडकीकडची, एक मोरीकडची. अंथरूण ओलं करणाऱ्या मुली मोरीकडे. मी स्वतः त्या रांगेत झोपले आहे. हे मी भर सभेत सांगते, कारण यात लपवण्यासारखं काही आहे असं मानणाऱ्यांशीच माझं भांडण आहे. ओली गादी जिची तिनं उचलायची आणि कुंपणाच्या भिंतीवर टाकायची. भिंत नेमकी रस्त्याच्या बाजूला. शाळेत जाणारी पोरं बोटं दाखवायची. आम्हाला लाज आणावी असा मावशीचा हेतू नव्हता, हे मी तिच्या बाजूनं लिहून ठेवते. ऊन त्याच बाजूला येतं, एवढंच तिचं म्हणणं. पण आम्ही तिथं उभ्या असायचो आणि पोरं हसायची.

एखादी मुलगी बरेच दिवस कोरडी राहिली की मावशी तिची गादी स्वतःच्या डोक्यावर घेऊन खिडकीकडे न्यायची. याला आमच्यात 'गादी सरकणं' म्हणत. त्या दिवशी त्या मुलीला हळद-कुंकू लागायचं, बाकीच्या टाळ्या वाजवायच्या, मावशी तिच्या दोन्ही गालांवरून बोटं फिरवून कानशिलावर कडकड मोडायची. माझी गादी सरकली तेव्हा मी हमसून रडले होते. नंतर बोर्डात पास झाले तेव्हाही कुणी एवढं कौतुक केलं नाही.

मावशीचं औषध साधं होतं. संध्याकाळी मोरीकडच्या रांगेला एकेक तिळाचा लाडू मिळायचा, भरपूर गुळाचा. तीळ उष्ण, ते लघवी धरून ठेवतात, असं आपल्याकडे घराघरांत सांगतात. आणि दिवस बुडाला की पाणी बंद. माठ स्वयंपाकघरात जायचा, स्वयंपाकघराला कुलूप लागायचं, बाहेरच्या नळाची चावी मावशी काढून घ्यायची. लाडवांचा डबासुद्धा कुलपात. त्या सगळ्या किल्ल्या तिच्या मुठीत. उन्हाळ्यात जीभ टाळूला चिकटायची. पण सकाळी "कोरडं हाय" ऐकायला मिळालं की तहान विसरून जायची.

आणि मुली खरंच कोरड्या व्हायच्या. मावशीचं नाव सेलूपासून देवळीपर्यंत पोचलं होतं. शिक्षणासाठी म्हणून सांगायचे, पण निम्मे आईबाप मुलीला तिथं टाकायचे ते मावशीच्या औषधासाठी.

आता सरळ सांगते. बहुतेक मुलांचं हे वयाबरोबर आपलं आपण थांबतं. कुणाची झोप फार गाढ असते, कुणाची मूत्राशयाची पिशवी अजून लहान असते, कुणाच्या घरात आईबापांनाही लहानपणी तसंच झालेलं असतं. ते थांबायचं त्या वेळी थांबतं, लाडू खा नाहीतर खाऊ नका. म्हणजे मावशीनं काहीही केलं तरी यश येणारच होतं. ज्या गोष्टीला अपयशच येत नाही तिच्यावर संशय कोण घेणार? पण काही मुलांच्या ओल्या गादीखाली दुसरंच काही असतं. पोट नीट साफ होत नसलं तर साठलेला मळ लघवीच्या पिशवीवर दाब देतो. लघवीत जंतू असतात. जंत असतात. घशातल्या गाठी वाढून रात्री श्वास कोंडत असतो. घरात काही वाईट घडून गेलेलं असतं. आणि जे मूल चांगलं कोरडं व्हायला लागून मग एकाएकी पुन्हा ओलं करायला लागतं, सारखं पाणी मागतं आणि वाळत जातं, त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं असतं. दुसऱ्या दिवशी नव्हे. एवढंच माझ्या पत्रकात असतं. यासाठी फार मोठी विद्या लागत नाही. पण वसतिगृहाच्या समितीवरच्या पांढऱ्या कपड्यातल्या माणसांनी वर्षातून एकदा डॉक्टर बोलवायची तसदी घेतली नाही. मावशी होती ना. फुकटात होती.

तरी मी मावशीला राक्षस म्हणणार नाही. पुलगावकडचा एक बाप मुलीला घेऊन आला होता, तेव्हा मी आठवीत असेन. मुलीच्या बेंबीच्या बाजूला चटक्यांचे डाग होते, एक अजून ओला. कुण्या भगतानं सळी तापवून दिलेले.

"एवढं करून बी थांबत नाई," बाप म्हणाला. "आता तुम्हीच पाहा, मावशी. तुमच्यानं नाई जमलं त पुन्हा त्याच्याकडंच नेतो."

मावशीनं मुलीचा झगा खाली ओढला. बापाचं मनगट धरलं आणि त्याला सरळ स्वयंपाकघरात चुलीपाशी नेलं. तव्यावर भाकर होती. ती तिनं उचलून बाजूला ठेवली.

"ठेवा हात."

"काऊन वो?"

"ठेवा ना बापा. पाहू तुमचं मूत थांबते का."

स्वयंपाकीणबाई पदरात तोंड खुपसून हसायला लागली. बाप हात सोडवून घेऊ लागला, पण मावशीची मूठ सुटली नाही. तव्याच्या वर, वाफ लागेल इतक्या अंतरावर तिनं त्याचा पंजा धरून ठेवला, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हसत नव्हती. मग सोडलं. बाप गेला, मुलगी राहिली. पुढे तिचीही गादी सरकली.

बाहेर सळी होती आणि आत लाडू. मुलींना आत आणून दार लावणारी एकच बाई होती. म्हणून तिच्या औषधाविरुद्ध बोलणारीला सगळ्या मुली शत्रू समजायच्या, आणि काम धरल्यावर ती शत्रू मी झाले.

"आली वो पत्रकवाली," मी पहिल्यांदा पत्रकं घेऊन गेले तेव्हा ती पायरीवरून म्हणाली. "काय लिव्हलं यात? वाच."

मी वाचून दाखवलं. ती तीळ निवडत ऐकत होती. मुली भोवती गोळा झाल्या.

"म्हनजे माहं औषध खोटं?"

"मावशी, तहानलेल्या पोरीचं पाणी तोडू नका, एवढंच म्हणते. आधी एकदा तपासून घ्या. लघवी तपासा, रक्त तपासा."

"तू मोरीकडंच झोपत व्हती ना वो?"

"हो."

"तुले कोरडी कोनं केली? या कागदानं?"

मुली खिदळल्या. मावशीनं पत्रकं माझ्या हातून घेतली, सारखी केली, आणि धान्याच्या पिंपाखाली ओल चढू नये म्हणून अंथरली. "कागद चांगला हाय," म्हणाली. "चाय घेऊन जाय."

मी चिडून चहा प्यायले. पुन्हा जात राहिले.

यंदा दिवाळीनंतर पौर्णिमा नावाची मुलगी सुट्टीवरून परत आली. सगळ्या तिला पुनी म्हणायच्या. गोंड घरची, आईबाप मजूर, सुट्टीत त्यांच्याबरोबर देवळीकडे कापूस वेचायला गेलेली. हुशार, आणि भारी तोंडाची. तिची गादी केव्हाच खिडकीकडे सरकली होती. परत आली ती वाळून. मावशी म्हणाली, वेचणीत उन्हानं सुकली. आईही तेच म्हणाली होती. वेचणीवरून आलेली सगळीच पोरं सुकलेली असतात, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही.

मग पुनीची गादी ओली निघाली. पुन्हा निघाली. मावशीनं ती उचलून मोरीकडे आणली. असं त्या खोलीत पहिल्यांदा घडत होतं.

"पुनीची गाडी रिवर्स आली वो!" पोरी ओरडल्या.

पुनी पाणी मागायची. दिवसभर प्यायची तरी मागायची. संध्याकाळी कुलूप लागलं की मोरीतल्या बादलीतलं ओंजळीनं प्यायची. मावशीनं बादली पालथी घालायला सुरुवात केली. पोरी तिला पाणचोर म्हणायला लागल्या. आणि औषध लागू पडत नाही म्हटल्यावर मावशीनं जे करायचं तेच केलं. औषध वाढवलं. एकाऐवजी दोन लाडू, आणि पाणी शाळा सुटल्यापासूनच बंद.

हे सगळं मला नंतर मुलींनी सांगितलं. मी गेले ती त्यानंतरच्या एका दुपारी. फाटकातून आत शिरले तर मावशी कुंपणाच्या भिंतीपाशी उभी. समोर उन्हात पुनीची गादी. गादीच्या मधल्या डागावर मुंग्या. भिंतीच्या तळापासून वर रांग लागलेली, आणि डागाच्या कडेनं काळी झालर असावी तशा दाटलेल्या.

"पाह्यलं?" मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली. "लाडू चोरते अन् गादीत खाते. मी म्हनतो औषध काऊन लागत नाई."

मी गादीजवळ वाकून पाहिलं. "मावशी, हा लाडू नाही. लघवीतून साखर चालली आहे. मुंग्या त्यावर आल्या आहेत. ती पाणी फार पिते का?"

"पेते ना. चोरून पेते. गूळ खाल्ल्यावर तहान लागनच."

"वाळली आहे का?"

"वेचणीले गेलती."

प्रत्येक गोष्टीचं उत्तर तिच्याकडे होतं, आणि प्रत्येक उत्तर पटण्यासारखं होतं. मी ओरडायला लागले. दवाखान्यात चला, आत्ता चला, तुम्ही पोरीला मारून टाकाल, असं काहीबाही. मावशीचा आवाज चढला नाही.

"तू डॉक्टर हायेस काय? तिच्याच तोंडून ऐक. पुने! ये वो बाहेर."

पुनी शाळेत गेली नव्हती. उलट्या होत होत्या म्हणून तिला ठेवून घेतलं होतं. लाडू बाधले, असं मावशीचं निदान. आणि तीन दिवस मावशी तिच्याशी बोलत नव्हती. म्हणून हाक ऐकल्यावर ती धडपडत आली. भिंत धरून. फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. ओठ फुटलेले. आणि ती श्वास घेत होती तो मी विसरणार नाही: लांब डोंगर चढून आल्यासारखा खोल, जड, एकामागून एक, आणि ती तर नुसती खोलीतून दारापर्यंत आली होती.

"सांग हिले," मावशी म्हणाली. "गादीत लाडू खाल्ला का नाई?"

पुनीनं आधी मान हलवली. नाही. मग तिनं मावशीच्या मुठीकडे पाहिलं, किल्ल्यांकडे. पायरीवर बसली.

"हो, मावशी," ती म्हणाली. "मी खाल्ला. चोरला अन् खाल्ला. आता पानी द्या."

मला वाटलं होतं मावशी माझ्याकडे वळून बघेल. जिंकलेल्या माणसासारखी. ती वळली नाही. मुठीतल्या किल्ल्यांत तिनं डब्याची छोटी किल्ली अंगठ्यानं चाचपली. ती किल्ली तिच्या कमरेवरून कधी सुटलीच नव्हती. डबा उघडायचा तर ती लागणारच होती. एवढा वेळ तिनं पोरीवर आळ घेतला, आणि हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. पोरीनं कबूल केल्यावर आलं.

"खोटं बोलून राह्यली हे," मावशी म्हणाली. हळू. "पान्यासाठी खोटं बोलून राह्यली."

किल्ल्या वाजल्या. मूठ सुटली होती. तिनं खाली वाकून पुनीला उचललं, तान्ह्या पोरासारखं आडवं, आणि फाटकाबाहेर चालायला लागली. मी मागे पळत होते. रस्त्यावर एक मालवाहू रिक्षा कापसाची गाठोडी घेऊन चालली होती. मावशी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. रिक्षावाला शिव्या देत थांबला, मग पोरीकडे बघून त्यानंच गाठोडी सरकवून जागा केली. मावशीनं वाटेत पुनीचं तोंड हुंगलं. "पिकून सडल्या फळासारखा वास येऊन राह्यला," ती म्हणाली. "हा काहीच खाल्ल्याचा वास नोहे ना?" मी नाही म्हटलं.

उपकेंद्रातल्या सिस्टरनं बोटाचं रक्त घेतलं. यंत्रानं आकडा दाखवायचंच नाकारलं. त्याच्या मोजमापाच्या वर गेलेली साखर. तिनं सलाईन लावलं, रुग्णवाहिका बोलावली, आणि आम्ही मोठ्या दवाखान्यात पोचलो.

पुनी वाचली. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी इथं लिहिते, कारण अजून लोक लाडवालाच दोष देतात. लाडवानं हा आजार होत नाही. तिच्या शरीरात इन्सुलिन बनणं थांबलं होतं. रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर पडत होती आणि जाताना अंगातलं पाणी ओढून नेत होती. म्हणून गादी ओली, म्हणून तहान, म्हणून वाळणं. तहान हा तिच्या शरीराचा शेवटचा बचाव होता, आणि तोच आम्ही कुलपात ठेवला. आता तिला रोज सुई टोचून घ्यावी लागते, आयुष्यभर. ती स्वतः टोचते, तोंडाची बडबड चालू ठेवून. वसतिगृहाच्या समितीनं तिला अजून परत घेतलेलं नाही. जबाबदारी कोण घेणार, म्हणतात. इतके दिवस कुणी घेतली होती?

दवाखान्यात पुनीची आई मावशीच्या पायावर पडली. "तुम्ही आनलं म्हनून वाचली माही पोरगी."

"उठ वो माय," मावशी म्हणाली. "मीच तिचं पानी बंद केलतं. माह्यामुळं झालं हे."

तिनं सांगून टाकलं होतं, काही न झाकता. आईनं डोळे पुसले आणि ती हसली सुद्धा.

"तुम्ही तिच्या भल्यासाठीच केलं ना, मावशी. दिवाळीत वेचणीवर पुन्हा ओलं कराले लागली, त आम्ही बी पानी बंदच केलतं, तुमच्यासारखं. आमच्या गावात सगळेच करतेत आता. तुमच्याकडं राहून गेलेल्या पोरींनी सांगितलं सगळ्याइले."

मावशी भिंतीला टेकली. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिला असं मला वाटलं. एरवी तो कधी काही सांगत नसे.

त्यानंतर तिनं वसतिगृह सोडलं. मला फोन केला. तिनं फोन केलेला तो पहिलाच. "चाल माह्यासंगं," म्हणाली. "मी कोरड्या केलेल्या पोरी जिथं जिथं लग्न होऊन गेल्या, तिथं जायचं हाय." मी पत्रकं घेतली. "ते राहू दे," ती म्हणाली. "ते कोनी वाचत नाई. मी सांगतो."

देवळीच्या अलीकडचं एक गाव. घर माझ्याच बरोबरच्या एका मैत्रिणीचं, सुनंदाचं. मोरीकडच्या रांगेत आमच्या गाद्या शेजारी होत्या. तिनं मावशीला पाहिलं आणि आनंदानं दोन्ही हात गालांना लावले. अंगणात पाट मांडला. पाय धुवायला पाणी दिलं. चहा टाकला. तिची चार-पाच वर्षांची मुलगी दाराआडून बघत होती. गोबरी, गोड पोर.

"हे बी करते का वो गादी ओली?" मावशीनं विचारलं.

"करते ना," सुनंदा हसून म्हणाली. "पन काही चिंता नाई. तुमचंच औषध चालू हाय."

"बंद कर ते. पानी देत जाय तिले. अन् एकडाव दवाखान्यात दाखव."

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. हिनंच मावशीला भरवलेलं दिसते, असं ते बघणं होतं. मग ती पुन्हा मावशीकडे वळली आणि तिनं समजूत घालायच्या आवाजात म्हटलं, "बरं मावशी. तुम्ही चहा घ्या."

मावशीनं पुनीचं सगळं सांगितलं. मुंग्या, उलट्या, श्वास. एक शब्द गाळला नाही. सुनंदा चुक् चुक् करत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ते त बिमारीच व्हती ना मावशी, साखरेची. आमच्या हिले तसं काही नाई."

खरंच नव्हतं. बहुधा. मावशीचं सगळं औषध या 'बहुधा'वर उभं होतं.

दिवस बुडायला आला होता. अंगणात गारवा उतरत होता. मावशीनं आपल्यापुढे ठेवलेला पाण्याचा ग्लास उचलला, दाराकडे धरला आणि त्या पोरीला म्हणाली, "ये. पेय."

पोरीनं पाण्याकडे पाहिलं. तहान लागलेली दिसत होती. जीभ ओठांवरून फिरली. ती एक पाऊल पुढे आली. मग तिनं आईकडे पाहिलं.

सुनंदानं पुढे होऊन मावशीच्या हातातून ग्लास अलगद काढून घेतला, दोन्ही हातांनी, थोरांकडून प्रसाद घ्यावा तसा, आणि दाराआतल्या वरच्या फळीवर ठेवून दिला.

"तुम्ही शिकवलेलं मी मोडन व्हय, मावशी?"

मावशीचा रिकामा हात तसाच पुढे राहिला. मी म्हटलं, "मावशी, चला, एसटी चुकेल."

"चुकू दे," ती म्हणाली. "हे पोट्टी पानी पेल्याशिवाय मी नाई उठत."

मी रात्रीच्या आत वर्ध्याला पोचायलाच हवं होतं. कोपऱ्यावरून वळताना मागे पाहिलं. सुनंदानं दिवा लावला होता. पोरगी आईच्या पाठीमागे, लुगडं धरून उभी. आणि मावशी अंगणात पाटावर ताठ बसलेली, हात अजून तसाच, त्या दाराकडे तोंड करून.